मारवाडी नराकडून घोडी भरवली, शिंगरू आठ महिन्यांचं झालं: माझा अनुभव

लातूर जिल्ह्यातल्या एका पागेवर भरवणीसाठी ठेवलेल्या मारवाडी नराकडे मी गेल्या वर्षी फाल्गुनात माझी घोडी नेली. यंदा होळीच्या सुमारास ती व्याली. बछेरी, म्हणजे मादी शिंगरू, आता आठ महिन्यांची आहे, दूध तोडलंय, चंदी (दाणा) नीट खाते, आणि तिच्यात बापाचं काय आलं, आईचं काय आलं हे आता दिसायला लागलंय. पागेचं आणि नराचं नाव इथं देत नाही.

आत्ताच लिहायचं कारण म्हणजे मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा आहे. लोहा तालुक्यातल्या त्या घोडेबाजारात नावाजलेले नर येतात, त्यांचे मोठे फलक लागतात, आणि आपली माणसं उंची, रंग, कपाळावरचा टिळा बघून तिथंच घोडी भरवायचं ठरवून मोकळी होतात. निदान काय विचारायचं एवढं तरी ठाऊक असावं.

आधी घोडीबद्दल, कारण तिच्याशिवाय नराचं मोजमाप होत नाही. कुमैत रंग (अंग तांबूस तपकिरी, अयाळ-शेपूट काळी), ५९ इंच, सात वर्षांची. पाय सरळ, खूर टणक, कडब्यावर आणि वाळल्या गवतावर अंग धरून राहणारी. मान आखूड, खांदा उभा, म्हणून चाल हाडं हलवणारी, आणि स्वभाव तापट. मला नराकडून लांब मान, मऊ चाल आणि शांत डोकं हवं होतं. वरातीत नाचवायला घोडा पैदा करायचा नव्हता, बसायला हवा होता.

तालुक्यातच एक दुसरा नर होता, देखणा, फीही कमी. तो सोडला. माझ्या घोडीच्या आईकडच्या तीन पिढ्या पक्क्या माहीत आहेत, बापाचं नाव मात्र तोंडी सांगितलेलं. तेच नाव त्या नराचा बाप म्हणून समोर आलं. सांगणं खरं असेल तर दोघं सावत्र भाऊ-बहीण. अशा जोडीच्या शिंगराचा आंतरप्रजनन गुणांक, म्हणजे जवळच्या रक्तातल्या जोडीचं माप, १२.५ टक्के येतो, बाप-लेकीच्या जोडीचा २५ टक्के. पोटात दडलेले दोष अशाच ठिकाणी वर येतात. मारवाडीत हा धोका खरा आहे. संस्थानं विलीन झाली, पागा मोडल्या, त्या काळात ही जात फार घटली, आणि आज वंशावळी चाळल्या की तीच ती नावं फिरून येतात. त्यात एखादा नर गाजला की जो तो त्याच्याकडेच घोडी नेतो. दहा वर्षांनी त्याच भागात जोड्या लावायला परकं रक्त सापडत नाही.

निवडलेल्या नराचे कागद चार पिढ्यांचे होते, मानेत ओळख क्रमांकाची चिप होती, नोंदणी होती. चिप वाचणारं यंत्र लावून आकडा कागदाशी ताडून बघितला. मालकाला त्याचा राग आला नाही, उलट त्यानंच यंत्र आणून दिलं. हे मला आवडलं. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत आईबापाची डीएनए तपासणी झाल्याशिवाय शिंगराची नोंद होत नाही, आणि त्यांची नोंदवही आपल्या पुण्यात ठेवली जाते. आपल्याकडे देशी घोड्यांत अजून बराच कारभार शब्दावर चालतो. डीएनएसाठी मुळासकट उपटलेले अयाळीचे केस पुरतात, एवढं सोपं असताना तो का करून घेऊ नये?

पण कागदापेक्षा मी जास्त वेळ दिला तो नराची पोरं बघायला. औसा, निलंगा, अहमदपूर भागात त्याची बरीच शिंगरं आहेत, वेगवेगळ्या घोड्यांना झालेली. हे प्रत्येकानं करावं. एकाच नराची पोरं दहा घोड्यांकडून झाली असतील आणि दहांत एक गोष्ट सारखी दिसत असेल, तर ती नराची. या नराच्या जवळजवळ सगळ्या पोरांची मान लांब आणि खांदा तिरका होता, हात लावू देत होती, कान मागं टाकत नव्हती. दोन-तीन जणांचे पुढचे पाय मात्र किंचित बाहेर वळलेले दिसले. माझ्या घोडीचे पाय सरळ आहेत म्हणून ती जोखीम घेतली. ज्याच्या घोडीचे पाय आधीच बाहेर आहेत त्यानं या नराकडे जाऊ नये.

पागेवर घोड्यांची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दार काकांनी घोडी उतरवतानाच तिच्या पायांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मालक, आमचा मान देईल, पाय तुमचीच देईल बघा." तसंच झालं.

भरवणीचं काम तिथं चांगलं होतं. नराजवळ न्यायच्या आधी घोडीचा आणि नराचा, दोघांचे ग्लँडर्स आणि इक्वाईन इन्फेक्शियस ॲनिमिया या घोड्यांच्या दोन संसर्गजन्य रोगांचे तपासणी दाखले समोरासमोर ठेवले. ग्लँडर्स माणसालाही होतो, आणि जनावरात सापडला तर कायद्यानं ते मारावंच लागतं. "आमच्याकडं असलं काही नाही" म्हणणाऱ्या पागेत घोडी उतरवूसुद्धा नका. मग आडोशाला दुसरा घोडा दाखवून घोडी माजावर आहे का हे बघितलं, आणि पशुवैद्यानं सोनोग्राफी केली. घोडीचा माज पाच ते सात दिवस चालतो आणि बीज बहुतेक वेळा माज संपायच्या आधीच्या एक-दोन दिवसांत सुटतं, त्यामुळे माज दिसला की त्याच दिवशी भरवली आणि घरी आणली, यात बरेचदा फी पाण्यात जाते. अंडाशयातला बीजकोश ३५ मिलिमीटरच्या पुढं गेल्यावर त्यांनी नर दिला, मग एक दिवस सोडून परत. शेपटीला पट्टी, मागचा भाग कोमट पाण्यानं धुतलेला, नरही धुतलेला. नर सभ्य. ओरडा नाही, चावा नाही, घोडीनं लाथ उगारली तर मागं सरकून थांबतो.

पहिल्या माजात गाभ राहिला नाही. एकवीस दिवसांनी घोडी उलटली, म्हणजे परत माजावर आली. इथं माझी खरी तक्रार आहे. फाल्गुन-चैत्रात त्या पागेनं घेता येतील त्याहून जास्त घोड्या घेतल्या होत्या. नराला दिवसात दोनदा सोडणं ठीक, तेही मधून विश्रांती देऊन. मी होतो त्या दिवसांत तो त्याहून जास्त वेळा सोडला जात होता, आणि माझ्या घोडीची पाळी संध्याकाळी शेवटी यायची. दुसऱ्या माजात मी सकाळची पहिली पाळी मागून घेतली आणि गाभ राहिला. याच कारणानं राहिला असं छातीठोक सांगता येणार नाही, पण पाळी मागून घ्या.

दुसरी गोष्ट मनाला लागली ती नराची ठेवण. दिवसभर अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरांनी बांधून, उभा. मोकळं फिरणं नाही, लगाम लावून चालवणं नाही, पोट सुटलेलं. एवढ्या चांगल्या जनावराला रोज तासभर चालवलं तर त्याची तब्येत चांगली राहील. मालकाला मी हे तोंडावर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, बदल दिसला नाही.

फी २१ हजार. निम्मी भरवताना, निम्मी गाभ ठरल्यावर. शिंगरू जिवंत होऊन उभं राहिलं, दूध प्यालं तरच फी लागू, नाहीतर पुढच्या हंगामात फुकट, हे लेखी होतं. शब्द पाळला. भरवणीचा दाखला मात्र मिळता मिळेना, कितीतरी फोन करावे लागले. शिंगराच्या नोंदणीला तोच लागतो, म्हणून दुसरा हप्ता देताना दाखला हातात घ्या, मगच पैसे.

पंधराव्या दिवशी सोनोग्राफी करून एकच गाभ आहे हे बघितलं. घोडीत जुळं शेवटपर्यंत फारसं टिकत नाही, दोन्ही जातात आणि कधी घोडीही जाते, म्हणून ही तपासणी चुकवू नये. पुढचे अकरा महिने साधे गेले. उन्हाळ्यात सावली आणि पाणी, शेवटच्या तीन महिन्यांत चंदी वाढवली कारण गर्भ खरा तेव्हाच वाढतो, व्यायच्या महिनाभर आधी धनुर्वाताची लस. घोड्या बहुतेक रात्रीच वितात, हीही रात्रीच व्याली. शिंगरू तासाभरात उभं राहिलं, दोन तासांत दूध प्यालं, तीन तासांच्या आत जार पडली. या तिन्हींपैकी एकही लांबलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना उठवायचं. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथले नंबर आधीच लिहून ठेवलेले बरे.

शिंगरू निघालं सुरंग, म्हणजे अयाळ-शेपटीसकट तांबडं. आई कुमैत, बाप पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं) कुमैत आणि पोरगी तांबडी, म्हणून गावात कुजबूज सुरू झाली की नर बदलला. यात काही काळंबेरं नाही. सुरंग रंगाचं जनुक दडून राहणारं असतं. दोन्ही कुमैतांच्या अंगात त्याची एकेक प्रत लपलेली असली तर चारांत एक शिंगरू सुरंग होऊ शकतं. उलट दोन्ही सुरंगांना कुमैत शिंगरू झालं तर मात्र नक्की चौकशी करा, ते होत नाही. तसंच, पुढं पांढरा होत जाणारा सब्जा रंग आई किंवा बाप सब्जा असल्याशिवाय येत नाही. त्यामुळे "कुठलीही घोडी आणा, रंग आमचा" असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. पंचकल्याणी खुणाही पूर्ण उतरल्या नाहीत, मागचे दोन पाय आणि टिळा एवढंच आलं.

मला हवं होतं ते आलं. मान लांब, खांदा तिरका, पाय आईचे, सरळ. कानांची टोकं आत वळून भिडतात. स्वभाव बापाचा, पहिल्या दिवसापासून माणसाजवळ येते, नालबंदाला पाय देते. रवाल चालीची, म्हणजे स्वाराला धक्के न देणाऱ्या झपझप चालीची, झाक मोकळ्या शेतात दिसते, ती टिकते का हे पाठीवर बसल्यावरच कळेल.

उंची मात्र बापाची येणार नाही. नर ६४ इंच, बछेरी आत्ता ५२. या वयाचा हिशेब धरला तर साठ-एकसष्टला थांबेल. १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी अवाढव्य शायर आणि छोट्या शेटलँड जातींची जोडी दोन्ही बाजूंनी लावून बघितली. शायर आईच्या पोटची शिंगरं शेटलँड आईच्या शिंगरांहून जन्मतःच कितीतरी मोठी होती आणि पुढंही मोठीच राहिली. रक्त दोन्हींत सारखंच, फरक आईच्या पोटातल्या जागेचा. उंच शिंगरू हवं असेल तर आधी उंच घोडी पाळा.

धनगर बांधवांकडच्या भीमथडी घोड्यांबद्दल एक कळकळीची विनंती. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं ही आता स्वतंत्र जात म्हणून नोंदली आहे. तुमची घोडी खरी भीमथडी असेल तर तिला उंचीसाठी मारवाडी नर लावू नका, भीमथडीच शोधा. मेंढरांमागं बिऱ्हाड पाठीवर घेऊन मैलोन् मैल चालणारी ही जनावरं दोन-तीन पिढ्यांच्या संकरात हातची जातील.

लांबच्या नराकडे घोडी नेणं जमत नसेल त्यांनी गोठवलेल्या वीर्याची चौकशी करावी. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर केंद्रात मारवाडीवर हे काम चाललंय, २०२३ साली तिथंच भ्रूण प्रत्यारोपणातून (एका घोडीचा गर्भ दुसरीच्या पोटात वाढवून) राज-प्रथमा नावाचं मारवाडी शिंगरू जन्मलं. आपल्याकडे ते रुळायला पशुवैद्य तयार व्हावे लागतील.

त्याच नराकडे परत जाणार का? याच घोडीसाठी हो, पण हंगामाच्या सुरुवातीला, गर्दी व्हायच्या आत. व्याल्यानंतर नवव्या-दहाव्या दिवशी येणाऱ्या माजावरच भरवा असं पागेनं सुचवलं होतं, मी नको म्हटलं. यंदाचं वर्ष घोडीला मोकळं ठेवलंय, कारण आमच्याकडच्या चाऱ्यावर अंगावर शिंगरू आणि पोटात गाभ असं दुहेरी ओझं तिला झेपलं नसतं. बछेरीला माळेगावला नेतोय, विकायला नाही, दाखवायला. सुरंग, मागचे दोन पाय पांढरे. भेटलात तर तिला चालवून दाखवतो, आणि आईचे कागदही सोबत असतील.