कुलूप तुटलं होतं का?

विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेल्या सर्व्हेयरने विचारलेला पहिला प्रश्न हाच. साठीचे गृहस्थ, सकाळच्या गाडीने कोल्हापूरहून आले होते. मंगल कार्यालयाच्या स्टेजमागची खोली मी त्यांना दाखवत होतो, आणि चोरीला गेलेली कॅमेऱ्यांची बॅग ज्या प्लास्टिकच्या टेबलावर होती तो टेबलही. त्यांचं लक्ष दाराकडे. दाराला कडी होती, कुलूप नव्हतंच.

"कोयंडा वगैरे उचकटलेला?"

"अहो, लग्नाचं कार्यालय. पंगत चालू असताना कुलूप कोण लावतं?"

त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. चहा नको म्हणाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी फोटोग्राफर, कुडाळजवळ राहतो. लग्नं, मुंजी, बारशी आणि पाऊस नसेल तेव्हा देवबाग-तारकर्लीला प्री-वेडिंग, यावर घर चालतं. बॅगेत निकॉन कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, २४-७० आणि ८५ मिमीच्या लेन्स, दोन फ्लॅश. सगळं मिळून साडेचार लाखांचं, त्यातलं निम्मं बँकेच्या कर्जाचं. होडीत चढता-उतरताना दर वेळी पोटात गोळा येतो, म्हणून मे २०२४ मध्ये विमा काढायचं ठरवलं.

एजंट मामाच्या गावचा. लहानपणापासून ओळखीचा, त्यामुळे कागद वाचण्याचा प्रश्नच आला नाही. ओसरीवर बसून आंबा खात म्हणाला, "तू कित्याक टेन्शन घेतंस? कॅमेरो समुद्रात पडलो तरी पैसे गावतले." फॉर्मवर पेन्सिलने तीन ठिकाणी फुल्या मारल्या होत्या. इथे, इथे आणि इथे सही. बाकी फॉर्म कोरा. "मी भरतंय घराक जाऊन." प्रीमियम साडेनऊ हजार. तो मी त्याच्या स्वतःच्या नंबरवर मोबाइलवरून पाठवला. आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो आला: वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली माझं नाव, रक्कम चार लाख पन्नास हजार. मी अंगठा दाखवला.

डिसेंबरात चोरी झाली. वधूवर जेवायला बसले, उखाणे सुरू झाले, म्हणून मी फक्त एक बॉडी नि ८५ ची लेन्स घेऊन पंगतीत गेलो. वीस मिनिटांत परत आलो तर टेबलावर फक्त चार्जर.

पोलीस ठाण्यात आधी 'गहाळ' असा दाखला देऊ लागले. ते घेऊन उपयोग नसतो. गहाळ म्हणजे तुमच्याकडून हरवलं, चोरी म्हणजे कुणी नेलं, आणि विमा कंपनीला दुसरं हवं असतं. मी अडून बसलो तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली गुन्हा नोंदला. चोरीला गेलेल्या बॉडीचं बिल सापडत नव्हतं, पण तिने काढलेल्या जुन्या फोटोंच्या फाइलमध्ये एक्झिफ माहिती (कॅमेरा आपोआप नोंदवतो ती) असते, त्यात बॉडीचा सिरियल नंबर मिळाला. तोच फिर्यादीत गेला. नंतर तपास लागला नाही तर पोलीस 'ए समरी' करतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. त्याचीही प्रत क्लेमला मागतात.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. क्लेम नामंजूर. कारणं दोन. एक, पॉलिसी घरफोडीची आहे, आणि घरफोडी म्हणजे बळजबरीने आत शिरून किंवा तशीच बाहेर पडून केलेली चोरी. दोन, वस्तू घरगुती वापरासाठी दाखवली होती आणि वापर धंद्याचा निघाला.

मी चिडून मावसभावाकडे गेलो, तो वकील आहे. म्हणाला, पहिल्या मुद्द्यावर भांडू नकोस. घरफोडीच्या पॉलिसीत बळाचा वापर झाल्याशिवाय साधी चोरी बसत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००४ सालीच सांगून ठेवलंय. दुसऱ्या मुद्द्याचं काय ते बघू, आधी प्रपोजल फॉर्मची, म्हणजे तू सही केलेल्या अर्जाची, प्रत मागव.

प्रत आली. मी ती ओसरीवरच उघडली, त्याच खांबाला टेकून. अक्षर गोल, टपोरं, एजंटाचंच. व्यवसाय: शेती. आमच्याकडे शेती म्हणायला हापूसची सात कलमं आहेत. कॅमेऱ्याचा वापर: कौटुंबिक. 'यापूर्वीचे नुकसान' समोर 'नाही', जरी आदल्या वर्षी ट्रायपॉडसकट एक लेन्स खाडीत गेली होती आणि ती गोष्ट त्याला पाठ होती. खाली सही माझी. अगदी सुबक, बँकेत करतो तशी.

पॉलिसीची उरलेली अकरा पानंही तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. चौथ्या पानावर प्रीमियमचा आकडा होता: जीएसटीसह दोन हजार आठशे शहात्तर. म्हणजे सहा हजार सहाशे चोवीस रुपये एजंटाने खिशात घातले. स्वस्तातली घरगुती पॉलिसी माझ्या गळ्यात मारली, कारण धंद्याची महाग पडली असती आणि मधला फरक उरला नसता. पॉलिसीची सुरुवातही मी पैसे दिल्यानंतर आठ दिवसांनी. विमा कायदा १९३८ चं कलम ६४ व्हीबी सांगतं की प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, आणि एजंटाने घेतलेले पैसे सुट्ट्या सोडून चोवीस तासांत जमा करायचे असतात. त्या आठ दिवसांत मी दोनदा होडीतून शूट करून आलो होतो.

कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं, उत्तर तेच. मग विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकली (फोनवर करायची तर १५५२५५). आता विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे अर्ज केलाय. तिथे फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. मोबाइलवरून पैसे पाठवल्याची नोंद आणि फॉर्मवरचं अक्षर, दोन्ही जोडलंय. मामाने मध्ये पडून एजंटाकडून पाच हजार परत मिळवून दिले. ते घेताना मला जास्त लाज वाटली, त्याला नाही.

दरम्यान नवी पॉलिसी घेतली, 'ऑल रिस्क' (सगळ्या जोखमींची) प्रकारची, या वेळी कंपनीच्या शाखेत जाऊन. बाईंनी प्रत्येक वस्तू सिरियल नंबरसह लिहून घेतली, 'व्यावसायिक छायाचित्रण' असं ठळक लिहिलं. तरी वाचल्यावर कळलं की यातही सगळं नाहीच. गाडीत कुणी नसताना बॅग ठेवली तर गाडी कुलूपबंद हवी, काच फुटलेली दिसायला हवी. गंज, दमटपणा, बुरशी यांचं नुकसान नाही. वेंगुर्ल्याच्या मित्राच्या लेन्सला श्रावणात जाळं धरलं, त्याने क्लेम केला, एक पैसा मिळाला नाही. आपल्या हवेत हे कलम सगळ्यात आधी बघावं असं माझं मत. लेन्सचा खरा विमा म्हणजे हवाबंद डबा आणि सिलिका जेल, शे-दोनशेत काम होतं.

आणखी एक खोच: चार लाखांचं सामान दोन लाखांचं दाखवून प्रीमियम वाचवला, तर साठ हजारांच्या नुकसानीला तीसच मिळतात. सरासरीचं कलम म्हणतात त्याला. मलाही तसं दाखवायचा मोह झाला होता. ड्रोन उडवणाऱ्यांनी तर वेगळंच लक्षात ठेवावं. २०२१ च्या नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे, पण तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी. तुमचा ड्रोन खाडीत बुडाला तर तो विमा तुम्हाला काही देत नाही. त्याच एजंटाने तोच विमा 'ड्रोनचा विमा' म्हणून आमच्या तीन पोरांना विकलाय.

परवा चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुडाळच्या बाजारात माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या सजावटीचं, सामान घेताना तो एजंट समोर आला. हातात माटवीला बांधायची कवंडळाची फळं, चेहऱ्यावर तेच हसू. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "चतुर्थीक ये मरे घराक. गणपतीचे फोटो काढून दी."