स्लेटचं छप्पर: बदलायचं की डागडुजी? लेस्टरच्या एका कारागिराकडून काम करून घेतल्याचा अनुभव

आमचं इंग्लंडमधल्या लेस्टरचं घर व्हिक्टोरियन काळातलं, रांगेतलं. छपरावर वेल्सच्या खाणीतली जांभळट स्लेट. पाटीचाच दगड, पण या पाट्या शंभराहून जास्त पावसाळे खाऊन बसलेल्या. धुराड्याशेजारच्या खोलीत छताला ओल आली, तेव्हा दोघांना बोलावलं.

पहिली कंपनी मोठी. त्यांच्या माणसाने फुटपाथवरून मान वर केली, दोन फोटो काढले आणि संध्याकाळी पाच आकडी कोटेशन धाडलं: सगळं उतरवून काँक्रीटची कौलं. ना शिडी लावली, ना माळ्यावर चढला. ही कौलं स्लेटपेक्षा बरीच जड. जुने वासे त्या वजनाच्या हिशेबाने घातलेले नसतात. आमच्याच गल्लीत अशी वाकलेली दोन छपरं आहेत. आणि उतरवलेल्या स्लेट कोणाच्या, याबद्दल कोटेशनमध्ये अवाक्षर नाही. वेल्सच्या जुन्या स्लेटला चांगला भाव येतो, हे तो कशाला सांगेल!

दुसरे गृहस्थ साठीचे, एकटेच काम करतात. आधी माळ्यावर गेले, रिपा टोचून पाहिल्या. फटींतून दिसणारा उजेड बघून मला धडकी भरली होती. ते म्हणाले, त्या काळी स्लेटखाली फेल्ट, म्हणजे पाणी अडवणारा जाड थर, घालतच नसत, उजेड दिसणारच. मग शिडीने वर. माठ घेताना आपण टिचकी मारतो तसं एकेक स्लेट वाजवून पाहिली. खणखणीत ती ठेवायची; बद्द वाजणारी, पापुद्रे सुटलेली काढायची. निदान असं निघालं: दगड ठणठणीत, खिळे गंजलेले. मागच्या उतारावरच्या चौदा स्लेट घसरल्या होत्या. ओल मात्र त्यांची नव्हतीच, धुराड्याच्या बुडाशी शिशाचा पत्रा फाटला होता.

काम बघत राहावं असं. आकड्याचं लांब पातं स्लेटखाली सारून हिसक्यासरशी जुना खिळा तोडतात. नव्या स्लेटला खिळा मारता येत नाही, कारण ती जागा वरच्या स्लेटखाली झाकलेली असते. म्हणून आधी तांब्याची पट्टी ठोकायची, स्लेट सरकवायची आणि पट्टीचं टोक खालून वर दुमडून ती अडकवायची. आमच्या मापाला म्हणतात काउंटेस, वीस बाय दहा इंच. मोठी ती डचेस, धाकटी लेडी. डोक्यावर सगळी सरदार मंडळी!

तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत, कबूल केलेल्या दिवशी आले नाहीत. बदललेल्या स्लेट निळसर-करड्या, त्यामुळे परसातून ठिगळं उठून दिसतात. बायको अजून नाराज आहे. पैसे मात्र पहिल्या कोटेशनच्या दहाव्या हिश्शाहून कमी.

एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. दर पावसाळी वाऱ्यात इथूनतिथून स्लेट सुटायला लागल्या, तर डागडुजीत पैसे घालू नका. सगळ्या उतरवा, रिपा नव्या घाला, खाली फेल्ट, आणि त्याच स्लेट तांब्याच्या खिळ्यांनी परत चढवा. फुटतील तेवढ्याच विकत घ्या. निम्म्याहून अधिक छप्पर नव्याने करायचं तर बिल्डिंग कंट्रोलची, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्या खात्याची परवानगी आणि इन्सुलेशनही आलं, तो खर्च आधीच धरा. आमचा पुढचा उतार त्याच वाटेवर आहे म्हणे. ते काम यांनाच देणार. तूर्त पन्हळीत पडलेला चुना काढून न्या, एवढं सांगायला फोन लावतोय.