ट्रान्सममध्ये काय ओतलं, ते बोल्ट काढल्यावर कळलं

फायबरच्या बोटीचा ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगतो ती मागची भिंत, कुजली असेल आणि नागपुरात कुणी ‘विदेशी कंपोझिट ओतून देतो’ म्हणत असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा.

माझे दादा धरणात पिंजरे लावून पंगस मासे पाळतात. खाद्याची पोती पिंजऱ्यांपर्यंत न्यायला आमची बोट आहे, मागे पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन. इंजिनचा पाय धरून वर-खाली केला की मागची भिंत हलायची. हे कुजण्याचं पक्कं लक्षण. दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवूड असतं, बोल्टच्या छिद्रातून पाणी झिरपतं आणि आत शिरलेलं पाणी कधी वाळत नाही. बाहेरून मात्र सगळं चकचकीत दिसतं.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे नागपुरात फायबरचं काम करणारे बहुतेक जण कूलरच्या बॉड्या नाहीतर टाक्या बनवतात. त्यांच्यातलाच एक जण भेटला. “लाकूड टाकलं का पुन्हा सडतेच भाऊ. हे ओतलं का जिंदगीभर पाहायचं काम नाही.” व्हॉट्सॲपवर इंग्रजी लेबलच्या सीलबंद बादलीचा फोटो पाठवला. 38,000 रुपये सांगितले, अर्धे आधी. बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी.

ही पद्धत खोटी नाही, हे मुद्दाम सांगते. वरची कड कापायची, आतलं कुजकं प्लायवूड तळापर्यंत कोरून काढायचं, आतली बाजू खरखरीत घासून पूर्ण वाळवायची, छिद्रं बुजवायची, भिंती फुगू नयेत म्हणून बाहेरून फळ्या आवळायच्या आणि मग रेझिनचं मिश्रण ओतायचं. त्यात सूक्ष्म पोकळ गोळ्या आणि काचेचे तंतू असतात, म्हणून ते वजनाला हलकं आणि तरी मजबूत होतं. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, उन्हाप्रमाणे कमी-जास्त करावा लागतो. मे महिन्यातल्या नागपुरात भर दुपारी ओतलं, तर मिश्रण भराभर तापतं, आकसतं आणि फायबरपासून सुटतं.

त्याने ओतलं ते दुपारीच. बोट परत आली, वरून गुळगुळीत, रंग मारलेली. थोड्याच दिवसांत दादांनी भरल्या बोटीत वेग वाढवला की इंजिन मागे झुकायला लागलं. वॉशर फायबरमध्ये रुतले होते. खालचा बोल्ट काढला तर काळपट पाण्याची धार लागली, कुजक्या लाकडाचा वास सुटला. आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारत गेलो. वरच्या वीतभर भागात पांढरा भुगा निघाला, त्याखाली ओला तपकिरी लगदा. जुनं लाकूड जागेवरच होतं. त्याने वरून फक्त झाकण ओतलं होतं.

आणि ते झाकणही भलतंच. सुटलेला तुकडा पाण्यात टाकला, तो दगडासारखा तळाला गेला. तो तुकडा आम्ही दुसऱ्या एका फायबर कारागिराला दाखवला, त्याचं मत पडलं की हे साधं रेझिन आणि टाल्क पावडर आहे. विदेशी बादली मागितली तर उत्तर आलं, “भंगारात दिली.” त्यानंतर फोन उचलणं बंद.

मला सर्वांत जास्त राग येतो तो या गोष्टीचा की पोती घेऊन पाण्याच्या मधोमध माझा भाऊ त्या भिंतीवर विसंबून होता. वाऱ्याच्या दिवशी ट्रान्सम फाटला असता, तर तो इंजिनसकट सुटला असता आणि मागून पाणी आत आलं असतं.

ही चोरी ओतण्याआधीच पकडता येते. ट्रान्समची लांबी, उंची आणि आतल्या पोकळीची जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा, हजाराने भागा. आमचा हिशेब 140 गुणिले 50 गुणिले 4, म्हणजे 28 लिटर. तेवढं मिश्रण लागणार आणि जवळपास तेवढंच लाकूड बाहेर निघणार. आमच्या बोटीतून निघालेलं लाकूड एका घमेल्यात मावलं होतं. तुमच्यासमोर पोकळीत काठी घालून तळाला टेकवायला लावा, बादलीचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा, उरलेल्या मिश्रणाचा तुकडा मागून घ्या. कारागीर यातल्या कशालाही नाही म्हणाला, तर बोट उचलून आणा.

फसला असाल तर ड्रिलचा भुगा डबीत भरून ठेवा, फोटो काढा, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपचे मेसेज जपा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ‘धंद्याची बोट आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं समोरचा म्हणेल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी मानत नाही. तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहा. आमच्या तक्रारीत ते पहिल्याच परिच्छेदात आहे.