आधी लय बांधावी, की मोकळं गाऊन मग मोजावी?

घरी गाणं रेकॉर्ड करायला बसलं की पहिला प्रश्न लयीचा. टेम्पो (लयीचा वेग) आणि ताल आधी ठरवून, कानात क्लिक (यंत्राची टिकटिक) किंवा तबल्याचा ठेका लावून त्यावर गायचं? की पेटी पुढ्यात घेऊन आपल्या लयीत मोकळं गायचं आणि सॉफ्टवेअरमधल्या बारच्या, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या, रेघा नंतर गाण्यावर आणून बसवायच्या, म्हणजे टेम्पो मॅप करायचा? दोन्ही करून झालंय. हल्ली मी एकाच वाटेने जातो, पण दुसरीबद्दल मनात आकस नाही.

मोकळ्या गाण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती मलाही पटते. आपली गाणी यंत्राच्या लयीत चालतच नाहीत. अभंग पहिल्या ओळीला जिथे असतो तिथे गजराला नसतो. लय चढली नाही तर ऐकणारा टाळ खाली ठेवेल. भावगीतात गाणारा एखाद्या शब्दावर रेंगाळतो, तबलजी सांभाळून घेतो आणि दोघं समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर भेटतात. मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटर स्टुडिओमध्ये अख्खा वाद्यवृंद एकत्र वाजायचा, त्या काळातलं एखादं गाणं लावून बोटाने टॅप करून बघा. टेम्पोचा आकडा बहुधा एका जागी राहणार नाही, आणि त्यामुळे गाणं बिघडलंय असंही कोणी म्हणणार नाही.

नंतर मॅप करणं पूर्वीइतकं जिकिरीचंही राहिलेलं नाही. लॉजिक या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 2018 पासून लय ओळखणारा स्मार्ट टेम्पो आहे, मेलोडाइनला टेम्पो ओळखता येतो, रीपरमध्ये हाताने मार्कर टाकता येतात. फक्त यंत्राने दिलेला आकडा डोळे झाकून घेऊ नका. दुप्पट किंवा निम्मं सांगणं ही त्याची जुनी खोड, 72 च्या गाण्याला खुशाल 144 म्हणतं. दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात, तर आणखी गंमत. मिनिटाला 180 मात्रा असतील तर पाय तीन मात्रांनी एकदा पडतो, म्हणजे 60. यंत्र कधी 180 धरतं, कधी 60, कधी दोन मात्रांचा एक ठोका समजून 90. वर ताल म्हणून 6/8, म्हणजे बारमध्ये सहा अष्टमांश नोटा, लिहिलंत तर बऱ्याच सॉफ्टवेअरना नेमका हा 90 च हवा असतो, कारण बीपीएम (मिनिटाचे ठोके) ती चतुर्थांश नोटने, म्हणजे दोन अष्टमांशांनी, मोजतात. नवखा माणूस इथे हमखास अडकतो.

मी सरळ एक मात्रा म्हणजे एक चतुर्थांश नोट धरतो. दादरा 6/4, रूपक 7/4, झपताल 10/4. बीपीएम म्हणजे मिनिटाच्या मात्रा, एक बार म्हणजे एक आवर्तन, विषय संपला. पाश्चात्य संगीत शिकलेला मित्र नाक मुरडेल, मुरडू दे. तयार लूप वापरणार असाल तर मात्र त्यांच्या 6/8 शी जुळवून घ्यावं लागेल.

मग मोकळी वाट सुटली कशामुळे? गाण्यामुळे नाही, घरामुळे.

माझं घर माहीमला, रुळांना लागून. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजसुद्धा बंद केला तरी सलग चार मिनिटांची शांतता या शहरात मिळत नाही. ध्रुपद सुरेख जातं आणि अंतरा उचलताना विरार फास्टचा हॉर्न येतो. पुढच्या टेकला शेजारच्या कुकरची शिट्टी, त्याच्या पुढच्याला खालून भंगारवाला. म्हणजे गाणं एका टेकमध्ये होणारच नसतं. वेगवेगळ्या टेकमधले चांगले तुकडे वेचून ते जोडावं लागतं. आणि मोकळ्या गाण्याचे तुकडे जुळत नाहीत. एक टेक 84 ने गेलेला, दुसरा 87 ने. गाताना फरक कळतसुद्धा नाही, पण 16 मात्रांत तो जवळजवळ 0.4 सेकंदांचा होतो. एका टेकचा अंतरा दुसऱ्याच्या ध्रुपदाला लावला की जोडावर पेटीचा सूर टचकन तुटतो आणि शब्द अर्धी मात्रा आधीच येऊन उभा राहतो.

ताणून बसवता येतं, नाही असं नाही. 3.5 टक्के म्हणजे फार नाही. गळा तेवढं सोसतो. तबल्याच्या ‘ना’ या बोलाची धार मात्र माझ्या कानाला गेल्यासारखी वाटते, आणि पेटीचा लांबवलेला सूर थरथरतो. शिवाय प्रत्येक टेकचा मॅप वेगळा. 168 च्या रूपकात एक आवर्तन 2.5 सेकंदांचं, चार मिनिटांत 96 समा. एका टेकसाठी एवढ्या रेघा सरकवायला हरकत नाही. दर टेकला हेच करायचं म्हटलं तर गाणं नको पण रेघा आवर अशी गत होते.

लय बांधलेली असली की हॉर्न वाजल्यावर थांबायचं, गाडी जाऊ द्यायची, दोन आवर्तनं मागून पंच-इन करायचं, म्हणजे त्याच ट्रॅकवर मधूनच पुढचं रेकॉर्ड करायचं. रात्रीचा अंतरा सकाळच्या ध्रुपदाला लागतो. आवाज थोडा वेगळा वाटेल, लय नाही.

या वाटेतही खडे आहेत. क्लिकला खाली, म्हणजे तालातली हलकी जागा, नसते. ती पहिल्या ठोक्याला सगळ्यात जोरात टिकटिकते, आणि रूपकाची तर समच खालीच्या जागी: तीं तीं ना, धी ना, धी ना. तबला जिथे हलका होतो तिथेच क्लिक डोक्यात हाणते आणि कसलेला गाणाराही बिचकतो. म्हणून नुसती क्लिक मी सुचवणार नाही. आयतबलाप्रोसारख्या ॲपचा ठेका घ्या, किंवा ओळखीच्या तबलजीकडून एक स्वच्छ आवर्तन वाजवून घेऊन ते ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर, लूप करा. ॲप फोनवर वेगळं चालू ठेवून गाऊ नका; ठेका आधी सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक म्हणून उतरवून घ्या, नाहीतर दोन्हीकडे 84 असूनही सम एका जागी येणार नाही.

आकडा ठरवायला अख्खं गाणं एकदा फोनवर मोकळं गाऊन घ्या आणि टॅप करा, पण मुखड्यावर नाही. जिथे शब्दांची सगळ्यात दाटी आहे त्या ओळीवर. मुखडा एखाद्या आकड्याने मागेपुढे झाला तरी निभावतो, दाटीच्या ओळीत जीभ अडखळते. लय चढवायची असेल तर टेम्पो ट्रॅकवर चढ काढता येतो: ध्रुपद 84, अंतरा 85, गजर हळूहळू 110 पर्यंत. चढ आधीच आखलेला असल्याने प्रत्येक टेकमध्ये तो तसाच येतो.

तुमच्याकडे शांत खोली असेल आणि तबलजी समोर बसून वाजवणार असेल, तर माझं ऐकू नका. मोकळं गा, मॅपही करू नका. ओवी किंवा नुसत्या तानपुऱ्यावरचं गाणं असेल तरी तेच. गाण्याआधीचा आलाप मीही ग्रिडबाहेरच ठेवतो आणि ठेका पहिल्या समेपासून सुरू करतो. आलापाचा टेक मात्र अखंडच लागतो. तेवढ्यापुरती शेवटची लोकल जाऊ द्यावी लागते, त्याला इलाज नाही.