लर्नर्स डिक्शनरी: इंग्रजीचे घोळ सोडवायला कोणती उघडावी, आणि उघडल्यावर काय बघावं

‘सजेस्ट मी अ गुड बुक’ हे वाक्य कुठे चुकलं, ते इंग्रजी-मराठी शब्दकोशात सापडत नाही. तिथे ‘सजेस्ट म्हणजे सुचवणे’ एवढंच लिहिलेलं असतं. मराठीत ‘मला सुचवा’ अगदी बरोबर, म्हणून आपण ‘सजेस्ट मी’ म्हणून मोकळे होतो. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअरही गप्प बसतं, कारण पाचही शब्दांची स्पेलिंग ठीक असते. अशा प्रश्नांसाठी लर्नर्स डिक्शनरी लागते, म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स, केंब्रिज, लाँगमन आणि कॉलिन्स कोबिल्ड हे त्यातले चार मोठे. चारही इंटरनेटवर फुकट बघता येतात. पाचवा मेरियम-वेबस्टर. तो मुळात इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे, पण सर्चमध्ये तोच आधी समोर येतो म्हणून त्याचंही बोलायला हवं.

निकाल आधीच सांगून टाकतो: एकच ठेवायची असेल तर ऑक्सफर्ड. मात्र ती अर्थ बघण्यासाठी उघडली तर तिचा अर्धाही उपयोग होत नाही.

‘सजेस्ट’चीच नोंद बघा. अर्थाच्या आसपास ठळक अक्षरांत वाक्याचे साचे दिलेले असतात: ‘सजेस्ट समथिंग’, ‘सजेस्ट समथिंग टू समबडी’, ‘सजेस्ट दॅट…’, ‘सजेस्ट डूइंग समथिंग’. या यादीत ‘सजेस्ट समबडी समथिंग’ नाही, आणि यादीत नसणं हेच उत्तर आहे. वर ‘हेल्प’ अशी खूण करून वेगळी टीपही दिली आहे, की ‘सजेस्ट समबडी समथिंग’ म्हणता येत नाही. चुकीचं उदाहरण म्हणून तिथे काय छापलंय? ‘कॅन यू सजेस्ट मी अ गुड डिक्शनरी?’ विनोदबुद्धी आहे म्हणायची संपादकांना. ‘सजेस्ट टू डू’ हा साचाही यादीत नाही, म्हणजे ‘ही सजेस्टेड टू गो’ बाद. ‘ही सजेस्टेड गोइंग’ किंवा ‘ही सजेस्टेड दॅट वी गो’.

याच पद्धतीने ‘डिस्कस’ उघडा. साचा ‘डिस्कस समथिंग विथ समबडी’ असा आहे, मध्ये ‘अबाउट’ कुठेच नाही, आणि ‘डिस्कस अबाउट’ चालत नाही अशी टीप इथेही आहे. ही चूक कुठून येते ते उघड आहे: मराठीत चर्चा कशा‘बद्दल’ तरी होते, आणि तो ‘बद्दल’ इंग्रजीत जाऊन बसतो. शिवाय ‘डिस्कशन’ या नामाला ‘अबाउट’ चालतं, त्यामुळे गोंधळ आणखी पक्का होतो. ‘रिक्वेस्ट’चंही तसंच. नाम असेल तर ‘अ रिक्वेस्ट फॉर हेल्प’, पण क्रियापद असेल तर ‘रिक्वेस्ट हेल्प’, मध्ये ‘फॉर’ नाही. म्हणून नोंद उघडल्यावर सगळ्यात आधी आपण नामाच्या पानावर आहोत की क्रियापदाच्या, ते तपासावं. ऑक्सफर्डच्या साइटवर अशा शब्दांची दोन वेगळी पानं असतात आणि सर्च केल्यावर बरेचदा आपल्याला नको असलेलं पान आधी उघडतं. ‘कोप’च्या नोंदीत ‘कोप विथ समथिंग’ आहे, ‘कोप अप विथ’ नाही. ‘डिस्पाइट’च्या पुढे ‘ऑफ’ नाही. ‘ऑफ’ लागतो तो ‘इन स्पाइट’ला.

साच्यांनंतर खुणा. ‘अनकाउंटेबल’ ही खूण दिसली की त्यातून एकदम चार गोष्टी कळतात: शब्दाच्या आधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ लागणार नाही, शेवटी अनेकवचनाचा ‘एस’ लागणार नाही, क्रियापद एकवचनी राहील आणि ‘मेनी’ऐवजी ‘मच’ येईल. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘लगेज’, ‘होमवर्क’, ‘फीडबॅक’ हे सगळे या खुणेचे. म्हणजे ‘ॲन ॲडव्हाइस’ नाही, ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. ‘इक्विपमेंट्स’ नाही, ‘पीसेस ऑफ इक्विपमेंट’. मात्र ही खूण शब्दाला नसून अर्थाला असते, आणि घाईत नेमकं हेच निसटतं. ‘एक्स्पीरियन्स’ घ्या. कामातून मुरलेला अनुभव अनकाउंटेबल, म्हणून ‘फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’. पण अंगावर आलेला एखादा प्रसंग काउंटेबल, म्हणून ‘ॲन अनप्लेझंट एक्स्पीरियन्स’. ‘पेपर’ कागद असेल तर मोजायचा नाही, वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका असेल तर मोजायचा. नोंदीच्या वरची पहिली खूण बघून पान बंद केलं तर हमखास उलटं शिकलं जातं.

दुसरी खुणांची जोडी ‘ट्रान्झिटिव्ह’ आणि ‘इन्ट्रान्झिटिव्ह’, म्हणजे आपली शाळेतली सकर्मक-अकर्मक. मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं, कारण आपल्या क्रियापदांत हा फरक रूपातच दिसतो. ‘राइझ’ म्हणजे वाढणे, ‘रेझ’ म्हणजे वाढवणे. किमती ‘राइझ’ होतात, दुकानदार किमती ‘रेझ’ करतो.

खरी कसोटी ‘लाय’ आणि ‘ले’ या जोडीची. आडवं होणं, पडून राहणं यासाठी ‘लाय’: वर्तमानकाळात ‘लाय’, भूतकाळात ‘ले’, तिसरं रूप ‘लेन’. खाली ठेवणं यासाठी ‘ले’: ‘ले’, ‘लेड’, ‘लेड’. आणि खोटं बोलणं यासाठीही ‘लाय’च, पण त्याची रूपं ‘लाइड’, ‘लाइड’. पहिल्याचं भूतकाळी रूप आणि दुसऱ्याचं मूळ रूप यांची स्पेलिंग हुबेहूब एक, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ‘आय ले डाउन येस्टरडे’ बरोबर आहे, ‘आय लेड डाउन’ नाही, आणि ‘आय वॉज लेइंग इन बेड’सुद्धा नाही; तिथे ‘लाइंग’ हवं. ऑक्सफर्डने इथे ‘विच वर्ड?’ नावाची चौकट दिली आहे आणि ती चांगली आहे. पण चौकटीपेक्षा ‘व्हर्ब फॉर्म्स’ असं लिहिलेला भाग उघडावा, कारण तिथे तिन्ही रूपं उच्चारासकट ऐकता येतात. तो भाग मिटलेला असतो, क्लिक केल्याशिवाय दिसत नाही. अशा कामाच्या गोष्टी मिटवून ठेवायच्या आणि जाहिराती उघड्या, ही या साइटबद्दलची माझी कायमची तक्रार.

‘विच वर्ड?’च्या चौकटी ‘अफेक्ट-इफेक्ट’, ‘इकॉनॉमिक-इकॉनॉमिकल’, ‘हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल’ अशा जोड्यांसाठीही आहेत. ‘अफेक्ट’ क्रियापद आणि ‘इफेक्ट’ नाम हा नियम बहुतेक वेळा चालतो, पण पूर्ण नाही. ‘इफेक्ट अ चेंज’ म्हणजे बदल घडवून आणणे, इथे ‘इफेक्ट’ क्रियापद आहे. आणि मानसशास्त्रात ‘अफेक्ट’ नाम म्हणूनही येतं. म्हणून चौकट वाचून थांबू नये, मूळ नोंदीतही उतरावं.

ऑक्सफर्डचा हा कोश साच्यांच्या बाबतीत इतका भक्कम असण्यामागे त्याचा जन्म आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांच्या कोशाची पहिली आवृत्ती १९४२ साली टोकियोत निघाली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्याकडून छापला. शिकणारा कुठे अडखळतो हे समोर बघून केलेलं काम आहे ते, आणि क्रियापदांचे साचे पहिल्यापासून त्याचा कणा आहेत. दहावी आवृत्ती २०२० ची.

केंब्रिज कोश म्हणून मला थोडा उथळ वाटतो, पण त्याच्या साइटवरचा ‘ग्रामर’ हा विभाग स्वतंत्रपणे वापरण्यासारखा आहे. ‘ब्रिंग, टेक अँड फेच’, ‘ॲज’ आणि ‘लाइक’ अशा शीर्षकांची छोटी पानं तिथे आहेत, आणि अनेक पानांच्या शेवटी ‘टिपिकल एरर्स’ म्हणून नेहमीच्या चुका दिलेल्या असतात. केंब्रिजकडे त्यांच्या परीक्षांना बसलेल्यांच्या उत्तरांचा मोठा साठा आहे, त्यामुळे या चुका खऱ्या माणसांच्या असतात. शब्दापुढे ए-१ ते सी-२ अशी पातळीही दिलेली असते, आणि तीसुद्धा अर्थानुसार. परीक्षेची तयारी करणाऱ्याला याचा उपयोग. इतरांनी तिकडे फारसं लक्ष देऊ नये.

लाँगमन उघडावी ती कोणता शब्द कोणाबरोबर जातो हे बघायला. पाऊस ‘स्ट्राँग’ की ‘हेवी’, चूक ‘डू’ करायची की ‘मेक’, यासाठी तिच्यातले कोलोकेशनचे तक्ते ऑक्सफर्डपेक्षा सरस आहेत. (‘हेवी रेन’ आणि ‘मेक अ मिस्टेक’.) १९७८ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून ती अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच देते, म्हणून अर्थ समजून घ्यायला दुसरा शब्द शोधावा लागत नाही. ‘एस-१’, ‘डब्ल्यू-१’ अशा खुणा दिसल्या तर घाबरू नका: बोलण्यात आणि लिहिण्यात तो शब्द सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पहिल्या हजारांत येतो, एवढाच त्यांचा अर्थ. पानाच्या खालच्या भागातली ‘कॉर्पस’मधली, म्हणजे खऱ्या लिहिण्या-बोलण्याच्या साठ्यातून उचललेली वाक्यं मात्र जपून घ्यावीत. ती संदर्भातून तोडलेली असतात आणि कधी कधी भलत्याच अर्थाची निघतात.

कोबिल्ड १९८७ चा. अर्थ पूर्ण वाक्यात सांगायची त्याची पद्धत: ‘इफ यू…’ अशी सुरुवात करून शब्द कुठल्या वाक्यात कसा बसतो ते दाखवायचं. वाचायला छान, झटपट शोधायला लांबण.

मेरियम-वेबस्टरच्या मुख्य कोशात अर्थांचा क्रम ऐतिहासिक असतो, म्हणजे सगळ्यात जुना अर्थ आधी. पहिला अर्थ तोच नेहमीचा, असं धरून चालणारा इथे फसतो. अमेरिकन स्पेलिंगसाठी मात्र तो उत्तम. ‘प्रॅक्टिस’ ब्रिटिश इंग्रजीत नाम असताना ‘सी’ने आणि क्रियापद असताना ‘एस’ने लिहितात, अमेरिकेत दोन्हीकडे ‘सी’. ‘लायसन्स’चं ब्रिटिश वाटप तसंच, पण अमेरिकेत दोन्हीकडे ‘एस’. ब्रिटिश पद्धतीच्या मजकुरावर काम करताना हा कोश उघडा ठेवला तर चुका दुरुस्त होण्याऐवजी पेरल्या जातात.

‘डिक्शनरीत आहे म्हणजे चालतं’ हा आणखी एक गैरसमज. मेरियम-वेबस्टरमध्ये ‘इररिगार्डलेस’ आहे, पण ‘नॉनस्टँडर्ड’ या शिक्क्यासह. हे कोश लोक काय लिहितात-बोलतात त्याची नोंद करतात, परवाने देत नाहीत. त्यामुळे ‘इनफॉर्मल’, ‘ओल्ड-फॅशन्ड’, ‘नॉर्थ अमेरिकन’ हे बारीक तिरके शब्द अर्थाइतकेच वाचावेत. ‘लेस’ आणि ‘फ्युअर’चा वाद याच जातीचा. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्युअर’ हा आग्रह रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये आपली पसंती म्हणून मांडला होता, पुढे त्याचा नियम झाला. अंतर, पैसा आणि वेळ यांना आजही ‘लेस दॅन’च लागतं: ‘लेस दॅन फाइव्ह माइल्स’. परीक्षेत किंवा औपचारिक पत्रात वस्तूंसाठी ‘फ्युअर’ लिहावं, बाकी वेळी कोणाला टोकत बसू नये.

हे कोश कमी पडतात ते जिथे चूक एका शब्दात नसून वाक्यात असते तिथे. ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ मध्ये (हवं ‘आय सॉ हिम येस्टरडे’) कुठला शब्द शोधणार? ‘सिन्स’च्या नोंदीत तो परफेक्ट काळाबरोबर येतो हे लिहिलेलं आहे, पण ते बघावं हे सुचायला आधी शंका यावी लागते. इथे व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर पुढे असतं. काळाच्या आणि वचनाच्या चुका ते बऱ्यापैकी पकडतं. मात्र ‘कॉम्प्लिमेंट’मध्ये ‘आय’ हवा की ‘ई’, अशा जोड्यांत दोन्ही शब्द खरे असतात आणि लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ सॉफ्टवेअरला दिसत नाही. ‘फॉर्म’च्या जागी ‘फ्रॉम’ पडलं तर साधा स्पेलचेक काहीच बोलत नाही.

दोन्ही रूपं कोशात ‘चालतं’ म्हणून दिलेली असतील तर गूगलच्या एनग्राम व्ह्यूअरमध्ये (पुस्तकांत कुठलं रूप किती वापरलं गेलं ते रेषांनी दाखवणारी साइट) ती स्वल्पविराम देऊन शेजारी टाकावीत: ‘डिफरंट फ्रॉम, डिफरंट टू, डिफरंट दॅन’. मग कॉर्पसच्या यादीतून ब्रिटिश इंग्रजी आणि अमेरिकन इंग्रजी आळीपाळीने निवडावं. पाच शब्दांपेक्षा मोठा तुकडा तिथे चालत नाही. कॅपिटल आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून ‘केस-इन्सेन्सिटिव्ह’ची खूण करून घ्यावी. तक्ता फक्त पुस्तकांचा आहे, बोलण्याचा नाही. आणि ‘डिफरंट टू’च्या रेषेत ‘इट इज डिफरंट टू लिव्ह देअर’सारखी वाक्यंही मोजली जातात, त्यामुळे ती रेषा थोडी फुगलेली धरावी.

छापील प्रत घ्यायची असेल तर ऑक्सफर्डची आधीची आवृत्तीही चालेल. साचे आणि काउंटेबलच्या खुणा इतक्या लवकर बदलत नाहीत. छापील प्रतीत ‘समबडी’, ‘समथिंग’ ऐवजी ‘एस-बी’, ‘एस-टी-एच’ अशी आखूड रूपं असतात, सुरुवातीच्या पानांवरची खुणांची यादी एकदा नजरेखालून घातली की अडत नाही.