तापसंवेदी जेलची प्राण्यांवर चाचणी: ससा घ्यावा की डुक्कर?

थंड असताना पाण्यासारखं वाहणारं आणि शरीराच्या उबेनं घट्ट होणारं जेल बारीक कॅथेटरमधून सोडायचं आणि रक्तवाहिनी आतून बंद करायची. यकृतातल्या गाठीचा रक्तपुरवठा तोडायला किंवा मेंदूतली धमनी-शिरांची गुंतावळ बुजवायला या पद्धतीकडून मोठ्या आशा आहेत, आणि त्या रास्त आहेत. यासाठी सध्या वापरात असलेलं ओनिक्स हे द्रव्य डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवलेलं असतं. हा द्रावक घाईनं सोडला तर वाहिनीच्या भिंतीला इजा होते. सायनोअ‍ॅक्रिलेटचा गोंद रक्ताला लागताच आळतो, पण कॅथेटरचं टोक त्यात अडकण्याची धास्ती असते. पाण्यात बनणाऱ्या जेलला असा द्रावक लागत नाही आणि ते गोंदासारखं चिकटत नाही.

प्राण्यांवर तपासायची वेळ आली की ससा आणि डुक्कर यांतलं काय निवडायचं ते बऱ्याचदा जागा आणि पैसा पाहून ठरतं. माझ्या मते आधी थर्मामीटर पाहायला हवा.

माणसाचं शरीर ३७ अंशांच्या आसपास असतं. सशाचं ३८.५ ते ४०, डुकराचं साधारण ३८ ते ३९.५ अंश सेल्सिअस. म्हणजे दोघंही माणसापेक्षा गरम. जेल ३६-३७ अंशांना घट्ट होईल असं बेतलं असेल, तर ते ३९ अंशांच्या सशात झकास जमेल आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर ३५ पर्यंत गार झालेल्या रुग्णात पातळच राहील. याउलट भूल दिलेला ससा ऊब फार लवकर गमावतो. गरम गादी नसेल तर त्याचं तापमान माणसाच्याही खाली उतरतं, आणि मग चांगलं जेल निकामी ठरतं. डुक्कर मोठं असल्यामुळे सावकाश गार होतं. या बाबतीत ते सशापेक्षा भरवशाचं. प्राणी कोणताही घ्या, गुदद्वारातून तापमान सतत मोजत राहा आणि जेल सोडतानाचा आकडा लिहून ठेवा. जमल्यास एक गट मुद्दाम ३५ अंशांवर ठेवून पाहा. अँजिओग्राफीत दिसावं म्हणून मिसळलेलं आयोडीनयुक्त औषध आणि क्षार यांनीही घट्ट होण्याचं तापमान सरकतं, म्हणून प्रयोगशाळेत मोजलेला आकडा शेवटच्या मिश्रणाचाच हवा.

आता जेलकडे. पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइड हे पॉलिमर सुमारे ३२ अंशांनाच रूप बदलतं, त्यामुळे प्राण्याच्या एक-दोन अंशांच्या फरकाची त्याला फिकीर नसते. पण घट्ट होताना ते पाणी बाहेर टाकून आकसू शकतं, आणि भिंतीपासून सुटलं तर फटीतून रक्त वाहतं. शिवाय ते शरीरात विघटित होत नाही आणि शिल्लक मोनोमर (न जुळलेला मूळ रेणू) विषारी असतो, म्हणून दीर्घ निरीक्षण टळत नाही. पोलोक्सामर ४०७ या दुसऱ्या पॉलिमरचं तसं नाही. त्याचं सुमारे २० टक्क्यांचं द्रावण खोलीच्या तापमानाच्या आसपासच आळू लागतं, पण रक्तात ते विरघळून जातं. शस्त्रक्रियेपुरती वाहिनी बंद ठेवायला हा गुणच ठरतो. याच पॉलिमरवर आधारलेल्या लीगू या जेलला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली ती वाहिनी तात्पुरती बंद ठेवण्यासाठीच. वाहिनी कायमची बंद करायची असेल तर ते बाजूला ठेवा. उंदरांत पोलोक्सामर ४०७ रक्तातली चरबी वाढवतं, हेही विसरू नका. उंदरांतले रक्ताचे अहवाल वाचताना फसगत होऊ शकते. पीएलजीए-पीईजी-पीएलजीए हे तिसरं पॉलिमर काही आठवड्यांत विघटित होतं, म्हणून त्याच सुमारास वाहिनी पुन्हा मोकळी झाली का, हे पाहायला हवं. कायटोसान आणि ग्लिसरोफॉस्फेटचं जेल आळायला वेळ घेतं, आणि वेगवान प्रवाहात ते तोवर पातळ होऊन वाहून जातं.

सशाची ताकद मूत्रपिंडात आहे. तिथल्या धमन्या एकमेकींना पर्यायी वाट देत नाहीत, त्यामुळे एक बंद झाली की तेवढाच भाग मरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली सीमा स्पष्ट दिसते. एक मूत्रपिंड तुलनेला शाबूत राहतं आणि त्यावर प्राणी जगतो. यकृताच्या कर्करोगासाठी जेल बनवत असाल तर सशाला पर्याय शोधू नका: व्हीएक्स-२ ही सशांतल्या कर्करोगाची गाठ यकृतात रुजवता येते, आणि माणसातल्या यकृताच्या कर्करोगासारखीच ती मुख्यतः यकृत-धमनीवर पोसते, तर निरोगी यकृताला बहुतांश रक्त पोर्टल शिरेतून येतं. औषध मिसळलेलं जेल तपासायला याहून सोयीचं काही नाही. मात्र वाहिन्या बारीक असल्यामुळे जेलचा एखादा जास्तीचा थेंबही उलटा महाधमनीत येऊन दुसऱ्या अवयवात जाऊ शकतो.

सशात एक प्रश्न नीट तपासताच येत नाही. माणसात मांडीपासून मेंदूपर्यंत कॅथेटर गरम रक्तात बुडालेलं असतं, आणि जेल टोकाशी पोचण्याआधी वाटेतच आळू शकतं. सशात ही वाट इतकी आखूड की चाचणी पास होणं सोपं. डुकरात माणसासाठीचंच गायडिंग कॅथेटर आणि मायक्रोकॅथेटर वापरता येतं, थंड सलाइननं किती वेळ धुवावं लागतं ते कळतं, आणि हात किती घाई करू शकतो हेही. मेंदूसाठी जेल असेल तर डुकराच्या कवटीच्या तळाशी असलेलं 'रेटे मिराबिले' म्हणजे बारीक वाहिन्यांचं जाळं उपयोगी पडतं. पण मुळात ते धमनीतून धमनीतच जातं, गुंतावळीसारखं शिरेत नाही. मान्याधमनी आणि गळ्यातली शिर जोडून प्रवाह वाढवला, तरच ते खऱ्या गुंतावळीच्या जवळ येतं. तीन महिने पाठपुरावा करायचा असेल तर मिनीपिग, म्हणजे लहान जातीचं डुक्कर घ्या. साधं डुक्कर तोवर इतकं वाढतं की टेबलावर आवरत नाही.

उंदीर फक्त सूज आणि विघटन पाहायला, त्वचेखाली जेल टोचून. कुत्र्यावर पूर्वी बरंच काम झालं आहे, पण वरच्या दोघांनी उत्तर मिळत असताना त्याची गरज मला दिसत नाही.

माझा क्रम असा: आधी पंपाला जोडलेल्या, तापमान राखलेल्या नळ्यांत जेल घट्ट होतं का ते पाहा, प्रयोगात प्राणी कमीत कमी वापरण्याबाबत रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तत्त्वांनुसार इथे अपयशी ठरलेल्या जेलवर एकही प्राणी खर्ची घालू नये. मग सशाचं मूत्रपिंड. गाठीसाठी असेल तर व्हीएक्स-२ वर थांबा. कॅथेटरची लांबी किंवा मेंदूचं जाळं हा तुमचा प्रश्न असेल तेव्हाच डुक्कर, आणि त्याच्या बरोबरीनं तुलनेचा एक गट ओनिक्सचा किंवा गोंदाचा ठेवा.