द होल पँट्री: मांडणी देखणी, पाया खोटा

पाककृतींचं ॲप म्हणून २०१३ सालचं ‘द होल पँट्री’ देखणंच होतं. पण खपलं ते ॲपची ऑस्ट्रेलियन निर्माती बेल गिब्सन हिच्या कहाणीवर: मेंदूचा कर्करोग म्हणे आहारानं आटोक्यात आणला! कर्करोग नव्हताच, एप्रिल २०१५ मध्ये तिनं कबूल केलं. बिंग फुटायला लागलं ते मात्र पैशांवरून. ज्या संस्थांच्या नावानं निधी गोळा केला, त्यांच्यापर्यंत तो पोचला नव्हता. तपासायची जागाही हीच. कुणाचा वैद्यकीय अहवाल मागता येत नाही; देणगी जमा झाली का, हे संस्थेला थेट विचारता येतं. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टानं ४,१०,००० डॉलर दंड ठोठावला. त्यातले १,५०,००० मेंदूत गाठ असलेल्या एका मुलाच्या कुटुंबाला कबूल केलेली मदत न दिल्याबद्दल. ॲप २०१५ मध्येच स्टोअरवरून गेलं.